हा स्लर कोणाचा?

कांजूरमार्गला धीमी लोकल थांबते आणि तुम्ही उतरता. खांद्याला व्हायोलिनची पेटी, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेल्या दोन प्रती. सप्टेंबरचा पाऊस मनात येईल तसा पडतो आहे. पुलावर चढलात की पूर्वेला महामार्ग आणि त्यापलीकडे मिठागरांचा सपाट, चमकणारा पट्टा दिसतो. पश्चिमेला एलबीएस मार्गाची वाहतूक ऐकू येते. क्लास पश्चिमेला आहे. सर वेळेचे पक्के आहेत, पण आज पुलावरच थांबा. कारण पिशवीतल्या दोन प्रतींत भांडण आहे, आणि ते मिटवल्याशिवाय पुढची ओळ वाजवता येणार नाही.

दोन्ही प्रती एकाच रचनेच्या आहेत : मोझार्टचा जी मेजरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो, क्रमांक तीन, क्योखेलच्या यादीत २१६. पहिली प्रत म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. सरांना ती त्यांच्या सरांकडून मिळाली. मुळात ती एका नामवंत वादकाने संपादित केलेली जुनी आवृत्ती असावी. तिच्यावर स्लर आहेत, बोटांचे आकडे आहेत, 'इथे मोठ्याने', 'इथे हळू' आहे, आणि त्यावर पेन्सिलीने निदान तीन माणसांनी आपापले गिरवले आहे. दुसरी प्रत धोबी तलावावरच्या फुर्टाडोजमधून आणलेली, म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाची, त्या ओळखीच्या करड्या-निळ्या मुखपृष्ठाची. तिच्यात एकल व्हायोलिनचे दोन पार्ट आहेत. एकात कुणा वादकाने सुचवलेली बोटे आणि बोइंग, म्हणजे बो कसा चालवायचा त्याच्या खुणा. दुसऱ्यात त्यातले काहीच नाही.

पहिल्या भागात सोळांश स्वरांची एक धावती ओळ आहे. जुन्या प्रतीत ते स्वर दोन-दोन करून स्लरने बांधलेले. नव्या प्रतीत मोकळे. सरांना विचारलेत तर ते म्हणाले, "आमच्या सरांनी असंच शिकवलं. तू बघ, शोध." चांगले शिक्षक असेच म्हणतात.

ज्यांनी व्हायोलिन हातात धरलेले नाही त्यांना ही बाब किरकोळ वाटेल. पण स्लर म्हणजे किती स्वर बोच्या, म्हणजे गजाच्या, एका ओढीत घ्यायचे हे सांगणारी कमान. ती बदलली की बोची दिशा बदलते, वजन कोणत्या स्वरावर पडते ते बदलते, श्वास बदलतो. तेच स्वर एकदा कुजबुजल्यासारखे येतात आणि एकदा पावलं वाजल्यासारखे. तेव्हा प्रश्न साधा आहे आणि तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे : हा स्लर कोणाचा?

पुलाचा कठडा धरा. मागे जाऊ.

१९८० च्या आसपास. खालचा रस्ता बराचसा तोच आहे, जुन्या लोकांच्या तोंडी मात्र तो अजून आग्रा रोड आहे. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तेव्हा तो सायकलींनी भरून जातो. तुम्ही मात्र आता पोलंडमध्ये आहात, क्राकूव्हच्या यागेलोनियन ग्रंथालयात. टेबलावर आडव्या आकाराच्या कागदांचे एक बाड आहे. जवळ शाईचे पेन ठेवायला मनाई, फक्त पेन्सिल. शेजारचा अभ्यासक पान उजेडासमोर धरून कागदाच्या आतले जलचिन्ह पाहतो आहे, कारण कोणता कागद कोणत्या वर्षी वापरात होता हे जलचिन्हावरून ताडता येते. मग तो भिंग घेऊन तारखेवर येतो. सप्टेंबरची १२ तारीख, साल्झबर्ग, आणि वर्ष... वर्षावर कुणीतरी हात चालवलेला आहे. १७७५ चे १७८० केलेले, आणि मग पुन्हा १७७५. मोझार्टच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंच्या हस्तलिखितांवर ही खाडाखोड सापडते. कोणी केली, कशासाठी केली, याबद्दल कागद बोलत नाही. पहिल्या कॉन्चेर्टोचे खरे वर्ष तर अभ्यासकांनी अक्षराच्या वळणावरून आणि खाडाखोडीखालच्या खुणांवरून १७७३ असे ठरवले. एका आकड्यासाठी माणसे आयुष्याची वर्षे देतात, आणि मला त्यांच्याविषयी अतोनात आदर आहे. त्यांच्यामुळेच पिशवीतल्या दुसऱ्या प्रतीवर विश्वास ठेवता येतो.

पण हे बाड क्राकूव्हला कसे? ते तर बर्लिनचे.

त्यासाठी एप्रिल १९४१ मध्ये चला. बर्लिनवर ब्रिटिश बॉम्ब पडतात आणि उंटर डेन लिंडेनवरच्या प्रशियन राज्य ग्रंथालयालाही त्यांचा तडाखा बसतो. त्यानंतर ग्रंथपाल घाबरे होऊन हस्तलिखितांच्या पेट्या बांधू लागतात. बाख, बेथोवेन, मोझार्ट, मेंडेल्सझोन, सगळे गवतात आणि लाकडात. पेट्या पूर्वेला सायलेशियात जातात, आधी एका किल्ल्यात, तिथून ग्र्यूसाऊच्या मठात. युद्ध संपते तेव्हा सीमा सरकलेल्या असतात. ग्र्यूसाऊ आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव क्षेशुव्ह झाले आहे. पोलिश अधिकारी पेट्या क्राकूव्हला हलवतात, आणि मग तीस वर्षे सगळे चूप. पाश्चात्त्य अभ्यासकांच्या लेखी मोझार्टच्या पाच व्हायोलिन कॉन्चेर्टोंपैकी चारांची हस्तलिखिते जगातून नाहीशी झालेली होती. पाचव्याचे, ए मेजरमधल्याचे, हस्तलिखित वेगळ्या वाटेने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोचले होते, म्हणून तेवढे बचावले असे लोक मानत.

या पेट्यांचा माग काढणाऱ्यांत एक नाव पीटर व्हाइटहेड यांचे आहे. ते संगीताचे कोणीच नव्हते. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातले मासळीशास्त्रज्ञ होते. सतराव्या शतकात ब्राझीलमध्ये काढलेली माशांची आणि प्राण्यांची चित्रे त्यांना हवी होती, आणि ती त्याच पेट्यांत गेली होती. माशांच्या मागे लागलेला माणूस मोझार्टपर्यंत पोचतो, ही गोष्ट मला फार आवडते. अखेर १९७७ च्या मे महिन्यात पोलंडने काही थोडी हस्तलिखिते पूर्व जर्मनीला भेट म्हणून दिली, त्यात 'मॅजिक फ्लूट' होते, आणि मग बाकीचा संग्रह क्राकूव्हमध्ये आहे हे झाकून राहिले नाही. नव्या समग्र मोझार्ट आवृत्तीतला व्हायोलिन कॉन्चेर्टोंचा खंड ख्रिस्टोफ-हेलमुट माहलिंग यांच्या संपादनाखाली बेरेनरायटरने काढला तो १९८३ मध्ये. त्या समग्र आवृत्तीचे काम १९५५ पासून चालू होते. थांबणे हासुद्धा संपादनाचा भाग असतो.

वाटेत मुंबईला एकदा टेका. १९५२, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन दुष्काळ निवारणासाठी वाजवायला भारतात आला आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये उभी केलेली बॉम्बे सिम्फनी शहराला ठाऊक आहे. तिच्यात गोव्याच्या चर्चशाळांतून स्टाफ नोटेशन शिकून आलेले वादक आहेत, आणि ही गोव्याची माणसे दिवसा फिल्मच्या स्टुडिओत नौशाद, सी. रामचंद्रांच्या गाण्यांसाठी वाजवतात. पार्ट हाताने उतरवला जातो, उतरवताना सोयीचे बोइंग त्यात शिरते, आणि पुढच्या पिढीला ते रचनाकाराचेच वाटते. तुमच्या झेरॉक्सवरच्या त्या तीन पेन्सिली इथल्या. त्यांना नावे ठेवू नका. त्या माणसांनी मुंबईत ही कला जिवंत ठेवली. फक्त त्या पेन्सिली कोणाच्या आणि मोझार्टची शाई कोणती, हे वेगळे कळले पाहिजे.

आता पहिल्या महायुद्धाच्या आधीचे बर्लिन. ग्रंथालय अजून राजेशाही आहे, पेट्या अजून पेट्या नाहीत, हस्तलिखिते कपाटात शांत आहेत. याच शहरात मुंबईचा एक तरुण हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत पाठचिकित्सा शिकतो आहे. त्याचे नाव विष्णु सीताराम सुकथनकर. त्याने मोझार्टचे ते पान पाहिले असे मी म्हणत नाही. पण एका रचनेच्या अनेक प्रती समोर मांडायच्या, कोणती कोणावरून उतरली ते शोधायचे, कोणता पाठ आधीचा आणि कोणता कुणी मागून घातला हे पुराव्याने सांगायचे, ही शिस्त त्या शहराच्या हवेत होती, आणि तीच घेऊन तो परत आला. १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे त्याच्याकडे आली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. सुकथनकर १९४३ मध्येच गेले.

त्या आवृत्तीचे एखादे पान उघडून पाहा. वर स्वीकारलेला श्लोक. खाली बारीक अक्षरात पाठभेद, कोणत्या प्रतीत काय आहे ते. आणि जिथे संपादकाला स्वतःच्याच निवडीची पुरती खात्री नाही, तिथे अक्षराखाली नागमोडी रेघ. एवढा मोठा पंडित, आणि शंका लपवत नाही, छापतो. नव्या मोझार्ट आवृत्तीत संपादकाने स्वतः सुचवलेला स्लर तुटक रेघेने छापतात. हेन्लेच्या प्रतीत असा शब्द किंवा खूण कंसात येते. नागमोडी रेघ आणि तुटक कमान यांचे गोत्र एकच. आपल्याकडे तर ही जाणीव फार जुनी आहे : शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. तेव्हा कांजूरचा विद्यार्थी कंसातला स्लर पाहून 'हे काय परकीय कौतुक' असे म्हणणार नाही. हे त्याच्या घरचेच आहे.

आणखी मागे जाताना भराभर जाऊ. १८७७ पासून लाइपझिगचे ब्राइटकॉफ अँड हार्टेल पहिली समग्र मोझार्ट आवृत्ती काढू लागतात. १८६२ मध्ये लुडविग फॉन क्योखेल नावाचा खनिजांचा आणि वनस्पतींचा हौशी अभ्यासक मोझार्टच्या सगळ्या रचनांची कालानुक्रमे यादी छापतो. आपला २१६ हा आकडा त्याने दिलेला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी तुमच्या पायाखालून धूर सोडत जाते. तुमच्या खाली आता पूलही नाही आणि स्थानकही नाही, फक्त रूळ, भातखाचरे आणि खाडीकडून येणारा खारा वारा. १८०० च्या सुमारास मोझार्टची विधवा कॉन्स्टांझ हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा ऑफेनबाखच्या योहान आंतोन आंद्रे या प्रकाशकाला विकते. संसार चालवायला विकते, पण त्यामुळेच गठ्ठा विखुरत नाही. तिचे उपकार मोठे आहेत.

आणि १२ सप्टेंबर १७७५.

कांजूर हे साष्टी बेटावरचे एक लहान गाव आहे. गेल्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. मार्चमध्ये रघुनाथरावाने सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई लिहून दिली. पुण्यात बारभाईंना तो तह मान्य नाही. या गावचा धनी कोण हे आज गावातल्या कुणाला विचारलेत तर तो सांगू शकणार नाही. मीठ मात्र नेहमीसारखे पिकणार आहे, पाऊस ओसरला की.

साल्झबर्गला थंडी पडू लागली आहे. नृत्यशिक्षकाच्या जुन्या घरात मोझार्ट कुटुंब दोन वर्षांपूर्वी राहायला आले. टेबलाशी बसलेला मुलगा १९ वर्षांचा. आर्चबिशप कोलोरेडोच्या दरबारी वाद्यवृंदात नोकरी आहे आणि ती त्याला काचते आहे. घरात बाप लिओपोल्ड आहे, ज्याने व्हायोलिन शिकण्यावरचे प्रमाण मानलेले पुस्तक लिहिले, तेही याच मुलाच्या जन्मवर्षी, १७५६ मध्ये. बो कुठे ओढायचा, कुठे ढकलायचा, कोणते स्वर एका ओढीत घ्यायचे, यावर त्यात पानेच्या पाने आहेत. जो मुलगा या घरात वाढला त्याला बोइंग शिकवावे लागत नाही, आणि ज्यांच्यासाठी तो लिहितो त्या वादकांनाही नाही.

त्याच्या खांद्यावरून पाहा. पहिल्या भागाची सुरावट नवी नाही. एप्रिलमध्ये झालेल्या स्वतःच्या 'इल रे पास्तोरे' या ऑपेरातल्या एका गाण्यातून त्याने ती उचलली आहे. हात वेगात आहे. जिथे दोन वाद्ये सारखेच वाजवतात तिथे तो पुन्हा लिहीत बसत नाही, एक संक्षेप टाकून पुढे जातो. दुसऱ्या भागात ओबो बाजूला ठेवून बासऱ्या घेतो, तारवाद्यांना ध्वनी दाबणारी चिमटी लावायला सांगतो आणि मंद्र तारवाद्ये बोटांनी छेडायला लावतो. या सूचना मात्र स्पष्ट लिहितो, कारण त्या सवयीच्या बाहेरच्या आहेत.

आता तुमची ती धावती ओळ. पीस शाईत बुडते, सोळांश स्वर एकामागून एक पडतात, आणि वर... काहीच नाही. स्लर नाही, ठिपका नाही. तो पुढे गेला. म्हणजे जुन्या प्रतीतले दोन-दोनचे बांधणे नंतरच्या कुणाचे तरी आहे, याचा निकाल लागला. पण थांबा, एवढ्यावर उड्या मारू नका. मोकळी जागा म्हणजे 'सगळे सुटे वाजवा' अशी आज्ञा आहे का? की 'तुम्हाला ठाऊकच आहे' असा विश्वास? शाई दोन्हीसाठी सारखीच कोरी असते. खाली दुसऱ्या ओळीत त्याने छोट्या खुणा केल्या आहेत. पीस ताजे असते तेव्हा तो ठिपका दिसतो, हात जोरात पडला की तोच ठिपका खाली ओढला जाऊन बारीक रेघ होते. ठिपका आणि रेघ यांत त्याला भेद करायचा आहे का? हा प्रश्न इतका अवघड ठरला की १९५० च्या दशकात जर्मन संगीतशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यावर निबंधस्पर्धा ठेवली, आणि आलेल्या उत्तरांतून १९५७ मध्ये एक अख्खे पुस्तक निघाले. एकमत झाले नाही. इथे उभे राहून, शाई ओली असताना पाहूनही, तुम्हाला ते सांगता येणार नाही. त्याला विचारलेत तर त्याने व्हायोलिन उचलून वाजवून दाखवले असते, आणि उद्या कदाचित वेगळे वाजवले असते.

शेवटी तो तारीख घालतो. स्वच्छ, खाडाखोड नसलेले १७७५.

चिकित्सक आवृत्ती काय करते आणि काय करत नाही ते आता डोळ्यांनी पाहिलेत. तिने तुम्हाला मोझार्टचे मन दिले नाही. कोणती खूण त्याच्या हाताची, कोणती संपादकाची, कोणती शंभर वर्षांनंतरच्या वादकाची, एवढे वेगळे करून दिले. ते करायला तीन देश, एक युद्ध आणि एक मासळीशास्त्रज्ञ लागला. पुढचे बोइंग तुम्ही आणि सर ठरवाल, कदाचित जुन्या प्रतीतलेच ठेवाल, कारण ते त्या जागी खुलते. फक्त आता ठेवाल ते नंतरच्या कुणा वादकाचे म्हणून ठेवाल.

एक मुक्काम राहिला. ऑक्टोबर १७७७, ऑग्सबुर्ग, होली क्रॉस मठातले रात्रीचे जेवण. मोझार्ट नोकरी सोडून आईबरोबर प्रवासाला निघाला आहे. इथे त्याने आपला 'स्ट्रासबर्ग' कॉन्चेर्टो वाजवला आणि तो तेलासारखा सुरळीत गेला असे बापाला कळवले. हा कोणता, याबद्दल बरीच वर्षे चौथ्या कॉन्चेर्टोचे नाव घेतले जात असे. पुढे हंगेरीच्या देनेश बार्था यांनी तिसऱ्याच्या शेवटच्या भागात लपलेली स्ट्रासबर्गची नाचाची चाल ओळखून दाखवली, आणि आता बहुतेक अभ्यासक 'स्ट्रासबर्ग' म्हणजे आपला हा तिसराच असे मानतात.

वाद्यवृंद पहिल्या भागाच्या शेवटाकडे येतो, एका ताणलेल्या स्वरसंगतीवर चढतो आणि थबकतो. इथे एकट्या व्हायोलिनने वाजवायचे असते, आधीच्या सुरावटींतून तिथल्या तिथे रचून. कॅडेन्झा. मोझार्ट वाजवतो. पाठ करायचा प्रयत्न करा, होणार नाही. त्याने व्हायोलिन कॉन्चेर्टोंसाठी एकही कॅडेन्झा लिहून ठेवला नाही. क्राकूव्हच्या पानावर या जागी फक्त थांब्याची खूण आहे. सॅम फ्रँकोने इथे आपला कॅडेन्झा रचला, डेव्हिड ऑइस्त्राखने रचला, रॉबर्ट लेविनने रचला. चांगल्या आवृत्तीत यांपैकी कोणाचाही असला तरी तो त्याच्या नावानिशी वेगळा छापलेला असतो.

तुमच्या प्रतीत ती जागा कोरी आहे. घराण्याच्या गायकाला तुम्ही ऐकले आहे, तोच मुखडा धरून तो दरवेळी वेगळ्या वाटेने समेवर येतो हे तुमच्या कानाला माहीत आहे. पुढच्या क्लासच्या आधी चार ओळी रचा. पेन्सिल घ्या, त्या खुणेच्या डोक्यावर आधी स्वतःचे नाव लिहा, तारीख घाला, आणि मग पहिला स्वर.